आयटीआयच्या दारात पार्किंग किती, यापेक्षा बस कुठे थांबते ते विचारा

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची ये-जा सुरू होते. दाखला, मार्कशीट, झेरॉक्स आणि मग टेबलापाशी खुर्ची ओढून हळूच विचारलेला प्रश्न : "मॅडम, पुढे काय करायचं?" गेली काही वर्षं या प्रश्नाचं उत्तर म्हणून आयटीआयचं नाव जास्त निघतं. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, मुलींसाठी कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा कोर्स, नाहीतर शिवणकाम. वर्ष-दोन वर्षांत हाताला हुनर, आणि घरात चार पैसे.

मागच्या एका हंगामात मौदा तालुक्यातल्या एका खेड्यातले वडील आले. मुलगी हुशार, गणित चांगलं. इलेक्ट्रिशियनला नंबर लागला होता. मला वाटलं पेढे घेऊन आले असतील. ते म्हणाले, "मॅडम, सीट तो मिल गयी. पण पोरगी येईल-जाईल कशी? सकाळी आठला हजर राहायचं म्हणतात. आमच्या फाट्यावर पहिली गाडी येते साडेआठला." मी म्हटलं, कोणाच्या दुचाकीवर जमेल का? ते म्हणाले, "कोणाच्या? आणि रोज?"

या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार करते आहे. आपण तालीम, स्कॉलरशिप, आरक्षण, प्रवेश यावर खूप बोलतो. पण घरापासून वर्कशॉपपर्यंतच्या रस्त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे. कोणत्याही एका संस्थेची तक्रार करायची नाही. तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या मध्यवस्तीत आयटीआय असली की तिथे पोचायची सोय कशी आखायची, आणि त्यात आपल्या मुलामुलींचं काय होतं, एवढाच मुद्दा आहे.

हा विषय आत्ताच का?

कारण आयटीआयवर सध्या मोठा पैसा यायचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये देशातल्या 1000 सरकारी आयटीआय सुधारण्याची योजना मंजूर केली. खर्च 60,000 कोटी रुपये : केंद्राचे 30,000, राज्यांचे 20,000 आणि उद्योगांचे 10,000. 4 ऑक्टोबर 2025 रोजी 'पीएम-सेतू' या नावाने ती सुरू झाली. यात 200 आयटीआय मुख्य केंद्रं आणि 800 त्यांना जोडलेल्या संस्था असतील. म्हणजे महागडी मशीन मुख्य केंद्रात, आणि आजूबाजूच्या संस्थांतली मुलं गरजेप्रमाणे तिथे जाणार.

त्यानंतर चारच दिवसांनी, 8 ऑक्टोबर 2025 ला, महाराष्ट्रातल्या सुमारे 400 सरकारी आयटीआय आणि 150 सरकारी तांत्रिक विद्यालयांत अल्पमुदतीचे रोजगाराचे कोर्स सुरू झाले. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसोबत आता कामावर जाणारे तरुण आणि घर सांभाळणाऱ्या बायकाही त्याच फाटकातून आत येणार.

मशीन येतील, इमारती उभ्या राहतील. इमारत म्हटली की नकाशा आला, आणि नकाशात वाहनतळ आलाच. राज्यात 2020 च्या शेवटी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत कोणत्या प्रकारच्या इमारतीला किती चारचाकी आणि किती दुचाकींची जागा हवी, याचा तक्ता दिलेला आहे. वास्तुविशारद तो पाहतो, जागा दाखवतो, मंजुरी मिळते. पण फाटकापासून बसथांबा किती लांब आहे, वर्ग सुटल्यावर पुढची गाडी किती वाजता आहे, मधल्या रस्त्याला फूटपाथ आहे का, हे विचारणारी ओळ त्या तक्त्यात नाही. गाडीचा हिशेब लागतो, पायी येणाऱ्याचा राहून जातो.

येणारी मुलं कोण, त्यांचं वय काय?

इथेच सगळी गोम आहे. आयटीआयला प्रवेश घेणारी बहुतेक मुलं दहावी होऊन आलेली असतात. वय सोळा, सतरा. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे दुचाकीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीला. आपल्या घरोघरी उभ्या असलेल्या स्कूटर 100-125 सीसीच्या आहेत. त्या या मुलांनी चालवणं कायद्यात बसत नाही.

2019 च्या दुरुस्तीने कलम 199ए आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. माझ्या माहितीतले कितीतरी वालिदैन मुलाच्या हातात चावी देताना हे जाणत नाहीत. "जवळच तर जायचं आहे" म्हणतात. पण मौद्यात 'जवळच' जायचं म्हटलं तरी राष्ट्रीय महामार्ग 53 आडवा येतो. नागपूर-भंडारा-रायपूर अशी ट्रकांची रांग त्यावरून दिवसरात्र धावते.

आता विचार करा. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दुचाकीचा मोठा स्टँड बांधणं म्हणजे काय? ज्यांना गाडी चालवायची परवानगीच नाही त्यांच्यासाठी आपण जागा राखतो, आणि ज्या बसने त्यांनी यायला हवं तिच्यासाठी फाटकासमोर जागा ठेवत नाही. मुलगा मग शिकाऊ परवान्याशिवायच स्कूटर घेऊन येतो. संस्था डोळेझाक करते, कारण अडवलं तर तो येणारच नाही.

बस चुकली की काय जातं?

शाळेत एक दिवस बुडाला तर मी मुलाला वही देऊन भरून काढायला सांगते. वर्कशॉपचा तास तसा भरून निघत नाही. वेल्डिंगची कांडी हातात धरूनच शिकावं लागतं. शिवाय नियमही कडक आहे : कारागीर प्रशिक्षण योजनेत परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. पाच दिवसांत एक दिवस बुडला की माणूस अगदी काठावर येतो. आजारपण, घरातलं लग्न, शेतीचा हंगाम यासाठी हातात काहीच उरत नाही. वरून आठवड्यातून एकदा गाडी चुकत असेल तर हजेरी संपलीच.

अशी मुलं कागदावर 'अनियमित' म्हणून नोंदली जातात. आपणही म्हणतो, पोराला गोडी नव्हती. एखाद्या वेळी खरंच नसेल. पण फाट्यावर उभं राहून गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाला गोडी नाही असं मी तरी म्हणणार नाही.

जागेचा साधा हिशेब

मुलांना क्षेत्रफळ शिकवते, म्हणून हा हिशेब मांडते. एका मोटारीची जागा अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी आत-बाहेर करायला वाट लागते. ती धरली की उघड्या मैदानात एका मोटारीमागे 23 चौरस मीटर धरण्याची रीत आहे. चाळीस मोटारी म्हणजे 920 चौरस मीटर. एवढ्या जागेत चांगली प्रशस्त कार्यशाळा उभी राहते. दुचाकीला उभं राहायला दोन चौरस मीटर लागतात, वाटेसह त्याहून बरंच जास्त. आणि चाळीस मुलं घेऊन आलेल्या एका बसला? फाटकालगत बारा-पंधरा मीटर मोकळी कड, तीही काही मिनिटांपुरती. बस मुलं उतरवते आणि निघून जाते. दिवसभर जागा अडवून बसत नाही.

मध्यवस्तीतल्या जमिनीचा भाव पाहता हा फरक लहान नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने हीच गोष्ट सांगितली होती : रस्त्यांची आखणी वाहनांसाठी नको, माणसांच्या येण्या-जाण्यासाठी हवी. वीस वर्षं होत आली तरी गल्लीतल्या नकाशापर्यंत ते पोचलेलं नाही.

याचा अर्थ पार्किंग नकोच असा नाही. काही जागा लागतेच, आणि ती आधी राखली पाहिजे. दिव्यांग व्यक्तीच्या गाडीसाठी 3.6 मीटर रुंदीची जागा, तीही मुख्य दारापासून 30 मीटरच्या आत. लोखंडी पट्ट्या, सिलिंडर, मशीन घेऊन येणाऱ्या ट्रकला वळायला जागा. अग्निशमनची गाडी आत येईल एवढी मोकळी वाट. दुरून येणाऱ्या निदेशकांच्या गाड्या. अल्पमुदत कोर्सला कामावरून थेट येणाऱ्या प्रौढांच्या दुचाकी. आणि सायकली, छपराखाली, कुलूप लावायच्या दांड्यासह, फाटकापासून सर्वांत जवळ. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा असतो : साहेबांची गाडी सावलीत, सायकल भिंतीच्या मागे उन्हात.

मौद्याची अडचण वेगळी आहे

मौदा नागपूरपासून साधारण 35 किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी. तालुक्यात एनटीपीसीचा 2320 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, रामटेक रस्त्याला हिंडाल्कोचा कारखाना आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांना काम मिळण्यासारखा हा भाग आहे. म्हणजे हुनर इथेच शिकावं आणि इथेच वापरावं असं चित्र आहे.

पण वाहतूक पाहा. मौदा गावात रेल्वे स्थानक नाही. मुंबई-हावडा मार्गावरची चाचेर, तारसा, रेवराल, खात ही स्थानकं तालुक्यात आहेत, मात्र ती गावापासून दूर. महामार्गावरून नागपूर-भंडारा गाड्या धावतात, त्यामुळे हायवेलगतच्या गावांना निदान हात दाखवायला काहीतरी मिळतं. अडचण आहे ती आतल्या गावांची : कोदामेंढी, अरोली, धानला, निमखेडा या बाजूच्या मुलांची. त्यांना आधी फाटा किंवा तालुक्याचं गाव गाठायचं असतं. तिथे ऑटो भरला तर निघतो. सहा प्रवासी झाल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, डिझेल त्याच्या खिशातून जातं.

म्हणजे मौद्यासारख्या ठिकाणी 'ट्रान्झिट'चा प्रश्न मेट्रोचा नाहीच. तीन-चार दिशांच्या गाड्यांच्या वेळा वर्गाच्या वेळेशी जुळवण्याचा आहे. सकाळी वर्गाच्या वीस मिनिटं आधी पोचणारी एक फेरी आणि सुटल्यावर अर्ध्या तासात निघणारी एक फेरी. प्रत्येक दिशेला एवढं झालं तरी निम्मं काम झालं. बसची वेळ बदलता येत नसेल तर वर्गाची वेळ पंधरा-वीस मिनिटं सरकवता येते. दोन सरकारी कार्यालयांनी एका टेबलाशी बसून ठरवायची ही बाब आहे, तिला 60,000 कोटी लागत नाहीत.

पासाचं पाहिलं तर एसटीची सवलत आहे. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांसह विद्यार्थ्यांना मासिक पासावर भाड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश सूट मिळते. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. शाळा-महाविद्यालयात येऊन पास देण्याची मोहीमही एसटीने अलीकडे राबवली. जानेवारी 2025 मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरी पासवाल्याला ते झेपतं. आता दुचाकीशी तुलना करा. मौदा-नागपूर जाऊन-येऊन 70 किलोमीटर, लिटरला 45 चं ॲव्हरेज धरलं तर रोज दीड लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभरच्या वर. महिन्याचे 24 दिवस धरले तर साडेतीन हजारांच्या पुढे. आयटीआयच्या पात्र मुलांचं विद्यावेतन राज्य सरकारने 2023 मध्ये महिना 40 रुपयांवरून 500 रुपये केलं. ते स्वागतार्हच आहे, पण या पेट्रोलच्या हिशेबात ते तीन-चार दिवसांत उडून जातं. गरीब घरासाठी बस हाच परवडणारा रस्ता आहे. मुलाच्या खिशात पास असतो, फक्त त्या वेळेला गाडी असायला हवी.

नागपूरला जाणाऱ्यांचं काय?

हवा तो ट्रेड तालुक्यात मिळाला नाही की मुलं नागपूरला जातात. शासकीय आयटीआय श्रद्धानंदपेठेत, दक्षिण अंबाझरी रोडवर. अंजुमनची तंत्रशिक्षणाची महाविद्यालयं सदरला. दोन्ही गजबजलेल्या वस्तीत. तिथे प्रत्येकाने गाडी आणायची म्हटलं तर ठेवायची कुठे?

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला पूर्ण झाला. भंडारा रोडने येणाऱ्या मौद्याच्या मुलाला पारडीजवळचं प्रजापतीनगर हे पहिलं स्थानक. तिथून अ‍ॅक्वा लाइनने शंकरनगर किंवा एलएडी चौक गाठता येतं, गर्दी आणि सिग्नल चुकवून. दुसऱ्या टप्प्यात, 43.8 किलोमीटर आणि 6708 कोटींच्या, हीच लाइन प्रजापतीनगरपासून पुढे कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरपर्यंत यायची आहे. म्हणजे मेट्रो मौद्याच्या दिशेने आणखी काही किलोमीटर पुढे सरकणार. दुसरी लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीमार्गे कन्हानला जाणार आहे. कामठीच्या मुलांना सदर, सीताबर्डी गाठायला तिचा मोठा उपयोग होईल.

पण मेट्रो आली की सगळं झालं असं नाही. दोन टोकं उरतात. एक टोक गावाकडचं : मौद्याहून येणारी बस स्थानकाच्या जिन्यापाशी थांबते, की पुढे चौकात उतरवून मुलीला उड्डाणपुलाखालून परत चालत यावं लागतं? दुसरं टोक संस्थेकडचं : स्थानकावरून संस्थेपर्यंत जायला आपली बस, ई-रिक्षा किंवा धड फूटपाथ आहे का? मधली वीस-बावीस मिनिटं वातानुकूलित, आणि दोन्ही टोकांना धूळ, असं झालं तर मुलं परत दुचाकीवर जातील. नागपूर मेट्रोत सायकल डब्यात नेऊ देतात, हे पुष्कळांना माहीत नाही. ज्याला जमतं त्याने वापरावं.

फूटपाथचं म्हणाल तर तो आता मेहेरबानीचा विषय राहिलेला नाही. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पायी चालणाऱ्यांना मोकळा, वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पायी चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आपल्या आयटीआयसमोर टेप लावून मोजून पाहा.

भायखळ्याचं उदाहरण

कोणी म्हणेल, पार्किंगशिवाय मोठी संस्था चालते का? मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची साबू सिद्दिक संस्था पाहा. 1936 पासून भायखळ्याला, दाट वस्तीत उभी आहे. कित्येक पिढ्यांना तिने टेक्निकल शिक्षण दिलं. कुर्ल्याची, मुंब्र्याची मुलं तिथे कशी जातात? लोकलने. भायखळा स्थानकावर उतरायचं आणि चालत जायचं. मुंब्र्याच्या बापाला मुलाच्या ॲडमिशनसाठी आधी स्कूटर घ्यावी लागली नाही. तिथे रेल्वेच मुलांना दारापर्यंत आणते, म्हणून गरीब मुलगाही दूरवरून येऊ शकतो.

मौद्याला लोकल नाही, हे खरं. म्हणूनच जे काम तिथे लोकल करते ते इथे बसने आणि वेळापत्रकाने करायचं आहे.

"रस्त्यावर गाड्या लागतील" हा आक्षेप

बाजारातले दुकानदार म्हणतात, संस्थेने आत जागा दिली नाही तर पोरं आमच्या दारात गाड्या लावतील. आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय तीन. पहिला, दुचाकी आत घ्यायची तर परवाना आणि हेल्मेट दाखवून, वर्षभराचा पास काढून. ज्याचं वय बसत नाही त्याला पास नाही, पण त्याच वेळी त्याला बसपास काढून द्यायची जबाबदारी संस्थेची. दुसरा, सोडायला-न्यायला येणाऱ्या पालकांसाठी फाटकापासून थोडी बाजूला, दोन-तीन मिनिटं थांबायची आखलेली जागा, म्हणजे बसची कड मोकळी राहील. तिसरा, सगळ्या ट्रेडची मुलं एका मिनिटाला सोडायची नाहीत, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने सोडायची. शाळेत आम्ही वर्ग टप्प्याटप्प्याने सोडतो, त्यामुळे फाटकावरची अर्धी कोंडी कमी होते.

आणि एक गोष्ट आपल्याच घरातली. आपले शादीखाने, आपल्या शाळा, आपल्या जमातींच्या इमारती, यांच्यासमोर काय होतं ते आपण पाहतोच. फूटपाथवर मोटारसायकलींची रांग, त्यातून वाट काढणारी म्हातारी माणसं. सरकारी संस्थेकडे बोट दाखवण्याआधी आपल्या संस्थांनी हे करून दाखवलं तर आपलं बोलणं जास्त ऐकलं जाईल.

मुलींचा हिशेब वेगळा असतो

मुलगा गाडी चुकली तर कोणाच्या तरी मागे बसून जातो. मुलीला घरचे तसं जाऊ देत नाहीत, आणि तिलाही ते नको असतं. म्हणून मुलीच्या शिक्षणात वेळापत्रकाचं वजन दुप्पट असतं. सच्चर समितीने 2006 मध्येच सुचवलं होतं की आयटीआयसारख्या प्रशिक्षणाच्या सोयी मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या भागांकडे न्याव्यात, आणि प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी. महाराष्ट्रात काही आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत तुकड्याही सुरू झाल्या. हेतू उत्तम. पण उशिराची पाळी म्हणजे सुटायची वेळ उशिराची. हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, त्या वेळी थांब्यावर दिवा आहे का, बसायला शेड आहे का, शेवटची गाडी त्यानंतर आहे का? नसेल तर ती सीट कागदावर आपली आणि प्रत्यक्षात रिकामी. मग अहवालात येतं, 'समाजातून प्रतिसाद कमी'.

आपण काय करू शकतो?

मोर्चा काढायची गरज नाही. एक कागद पुरेसा आहे. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या भागातल्या प्रत्येक मुलामुलीकडून, सर्व समाजांच्या, एवढंच लिहून घ्या : गाव कोणतं, घरून किती वाजता निघतो, कोणत्या वाहनाने, किती खर्च, वर्गात किती वाजता पोचतो, घरी किती वाजता परततो, आणि महिन्यात किती दिवस गाडीमुळे बुडाले. तीस-चाळीस मुलांचा असा तक्ता झाला की तो पत्राला जोडायचा. एक प्रत संस्थेच्या प्राचार्यांना, एक एसटीच्या विभागीय कार्यालयाला, एक नगर पंचायतीला. प्राचार्यांना सांगा, हा विषय संस्था व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. त्या समितीत उद्योगांचे लोक असतात. कारखान्यांच्या कामगार बस सकाळी कोणत्या रस्त्याने रिकाम्या परततात, ते त्यांना विचारता येईल.

नगर पंचायतीकडे मागायचं ते थोडंच आहे : फाटकाजवळ बसथांबा, शेड, एक दिवा, थांब्यापासून फाटकापर्यंत मोकळा फूटपाथ, आणि महामार्ग ओलांडायची सुरक्षित जागा. नव्या इमारतीचा नकाशा होत असेल तर तो मंजूर होण्याआधी बोला. नंतर भिंत पाडून कोणी फाटक सरकवत नाही.

आणि वालिदैनना एक विनंती. चावी देऊ नका. पास काढून द्या. जवळ राहत असाल तर सायकल द्या. ताशी 25 किलोमीटरच्या आतली, 250 वॅटपर्यंतची बॅटरीची सायकल-स्कूटर मोटार वाहनात मोडत नाही, तिला परवाना लागत नाही. घेताना दुकानदाराकडून तसा कागद मागून घ्या.

त्या वडिलांचं पुढे काय झालं, ते सांगते. पहिले दोन महिने ते स्वतः रोजी बुडवून मुलीला फाट्यापासून पुढे सोडत होते. मग त्याच रस्त्यावरच्या आणखी चार घरांशी बोलणं झालं. पाच मुलींनी मिळून एक ऑटो महिन्याने ठरवला, चालक ओळखीचा, वेळ ठरलेली. तेवढ्यावर तिचं वर्ष निघालं. पण त्याच गावातली दुसरी एक मुलगी, जिचा नंबर शिवणकामाला लागला होता, ती त्या ऑटोचा वाटा देऊ शकली नाही. ती घरी आहे.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा ती खुर्ची ओढली जाईल आणि कोणीतरी विचारेल, पुढे काय करायचं? ट्रेड कोणता ते मी सांगेनच. त्या आधी मी विचारणार आहे, तुमच्या फाट्यावर पहिली गाडी किती वाजता येते, आणि ते उत्तर त्या कागदावर लिहून ठेवणार आहे.